माझं कुत्रं, त्यांची फरशी

दुपारचं ऊन पत्र्यावर आलं की आमचं कुत्रं उठायचं. अंग झाडायचं, एकदा माझ्याकडं बगायचं आणि भिंतीखालच्या भोकातनं शेजारच्या आण्णांच्या सोप्यात जाऊन फरशीवर पोट टेकून पडायचं. चार पाय चार दिशंला, कुणी वाळत घातल्यागत. मी हिकडं पत्र्याखाली बनियन पिळत बसल्याला, आणि माझं कुत्रं तिकडं जावयासारखं लोळतंय. आता माणसानं जळावं का न्हाय, तुमीच सांगा.

त्याचं नाव सांगत न्हाय. ह्यात माणसांची नावं न्हाईत, तर कुत्र्याचंच कशाला? आणि नाव घेतलं की ते माझ्या हाकंला येतंय का आण्णांच्या, ह्यो वाद परत निघंल.

मी म्हशीवाला माणूस. शाळंपातूर गेलतो, कारण म्हशी त्या अंगालाच चरायच्या. आत काय गेलो न्हाय. गडमुडशिंगीत घर आणि गोठा, आणि राजारामपुरीत दुधाचं रतीब. तिथल्याच एका गिऱ्हाईकानं फ्लॅट बदलला. नव्या ठिकाणी कुत्रं चालत न्हवतं. बाई दारात रडत हुत्या आणि कुत्रं त्यांच्या पायात. मी दूध मापत मापत बोलून गेलो, "द्या की हिकडं, जागा काय कमी हाय व्हय." माझं तोंड माझ्या आधी चालतंय. येताना क्यान रिकामं आणि पुढं गाडीच्या टाकीवर कुत्रं, असा घरी आलो.

पांढरं, केसाळ, पामेरियन जातीचं. बायकोनं बगितलं आणि म्हणली, "हे कुत्रं न्हाय, उशी हाय. आणि ह्येला घालायचं काय?"

"आपण खातो ते."

"मग वाळंलच की," ती म्हणली.

पण हिवाळाभर ते माझं हुतं बगा. पुरं माझं. पहाटं धार काढाय बसलो की पाठीला पाठ लावून बसायचं. गाडी लावली की कोपऱ्यापातूर पळत यायचं, आणि परत येईस्तोवर फाटकात बसून ऱ्हायाचं. गल्लीतली माणसं म्हणायची, "लई माया हाय की मालकावर." मी वरनं म्हणायचो, "जनावराला कळतंय माणूस," आणि आतनं फुगायचो. अहो, आमच्यात म्हैस मला लाथ घालतीया, बायको बोलती, गिऱ्हाईक दुधात पाणी बगतंय. माझी वाट बगणारं कुणी जन्मात न्हवतं. हे पहिलंच. त्यामुळं उन्हाळ्यात ते उठून दुसऱ्याच्या घरात जायला लागलं तवा माझं काय झालं असंल, वळखा.

आण्णा त्याच साली शेजारी ऱ्हायाला आलेले. निपाणीकडचे. राजारामपुरीत कापडाचं दुकान हुतं त्यांचं, ते पोरगीच्या लग्नानंतर बंद केलं आणि आमच्या शेजारचा मोकळा प्लॉट घेऊन बंगला बांधला. बायको वारल्याली, पोरगी बेळगावला. लिंगायताचं घर, सकाळी पूजा झाल्याबिगर पाणी घ्यायचं न्हाईत. माणूस मऊ. आवाज चढवायचा न्हाय, मला "मालक" म्हणायचा. पत्र्याच्या घरातल्या माणसाला मालक म्हणतोय म्हणजे टोमणाच मारतोय, असं मला वाटायचं. आता वाटत न्हाय, पण तवा वाटायचं.

आणि त्यांची ती फरशी. सबंध सोप्याला, म्हणजे म्होरल्या खोलीला, शहाबादी. वर स्लॅब, म्होरं कडुलिंब. भर उन्हाळ्यात पाय ठेवला की गार लागायची. कोपऱ्यात एक पसरट मडकं, पाण्यानं भरल्यालं, वरनं वल्लं गोणपाट. ते पाणी ते दिवसातनं दोनतीनदा बदलायचे. दुपारी कुत्र्याला दहीभात. माझ्यात बुधवार-रविवार मटनाची हाडं मिळत्यात, आणि हे बेणं दुपारी शाकाहारी झालं. आण्णा म्हणायचे, "बा इल्ली," की उठून जवळ. "कुंद्रु," की बसलं. माझं कुत्रं कानडी शिकलं. मला घरात मराठीत बी कोण ऐकत न्हाय.

एकदा गोठ्यात कुणी न्हाय असं बगून मी बी हळूच म्हणून बगितलं, "बा इल्ली." कुत्र्यानं कान हलवला आणि भिंतीकडं बगितलं, आण्णा आले का म्हणून. मागनं बायको म्हणली, "कुणासंगं कानडी बोलताय? रेडकासंगं?"

सकाळी फिरायला न्यायचं काम बी आण्णांनी घेतलं. ऊन तापायच्या आत. संध्याकाळी तर रस्त्यावर पहिल्यांदा सोताची चप्पल काढून उभं ऱ्हायाचे, अनवाणी. आपल्याला चटका बसला तर कुत्र्याला न्यायचं न्हाय. मी भिंतीवरनं बगत हुतो. बायकोला म्हणलं, "नाटक बग म्हाताऱ्याचं. डांबर तपासतोय. रस्ता काय ह्येच्या बा नं बांधलाय?"

ती म्हणली, "तुमी कधी माझ्यासाठी चप्पल काढून बगितली का?"

मी उठून गोठ्यात गेलो.

मग म्या बी कंबर कसली. कुत्रं आपलं हाय तर आपल्यात गारवा पायजे. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं. रात्री वाऱ्यानं सगळं उडून आण्णांच्या अंगणात. सकाळी त्यांनीच गोळा करून भारा बांधून दिला, "मालक, तुमचं हे." दुसऱ्या दिवशी घमेल्यात पाणी भरून ठेवलं, कुत्रं बसंल म्हणून. म्हशीच्या पारडीनं तोंड घालून निम्मं पिलं आणि निम्म्यात पाय दिला. कुत्र्यानं लांबनंच बगितलं आणि गेलं भोकातनं. मग वल्लं पोतं दाराला टांगलं. आत अशी वाफ धरली की मीच भायेर येऊन बसलो. बायको म्हणली, "तुमी बी जावा की तिकडं, लोळाय. आण्णा काय न्हाय म्हणायचे न्हाईत."

तेच तर दुखत हुतं. ते कुणालाच न्हाय म्हणायचे न्हाईत.

आता म्हशी भादरायच्या आल्या. ज्यानं म्हशी पाळल्या न्हाईत त्याला सांगतो. आमच्याकडं म्हशीचं समदं केस काढत्यात, अंगाला गच्च तेल चोळत्यात, मग ती अशी चमकती की तिच्यात बगून भांग पाडावा. दिवाळीच्या पाडव्याला मिरवायला तर करत्यातच, पण उन्हाळ्यात बी करत्यात. केस गेलं की पाणी कातड्याला लागतंय, म्हैस गार ऱ्हाती, गोचीड धरत न्हाय. माझ्या बा नं केलं, त्याच्या बा नं केलं. म्हशीचं म्हणशीला तर मी डोळं झाकून सांगतो. आणि माझं डोस्कं बी म्हशीपलीकडं कधी गेल्यालं न्हाय.

भादरणारा आला. चांगला हात त्याचा. मशिननं दोन्ही म्हशी उरकल्या. कुत्रं शेजारी जायला निघाल्यालं, जीभ भायेर. ते अंगभर केस बगितलं आणि माझ्या डोस्क्यात उजेड पडला. एवढं घोंगडं पांघरून फिरतंय, मग गारव्याला दुसऱ्याच्या दारात जाणारच की. घोंगडंच काढलं तर कशाला जाईल?

म्हणलं, "ह्येचं बी कर."

भादरणाऱ्यानं मशिन खाली ठेवलं. "हे माझं काम न्हाय. म्हशीचं म्हाईत हाय मला. कुत्र्याचं कातडं कसं असतंय काय ठावं."

"कातडं ते कातडं. कर."

"मालकीणबाईस्नी तरी इचारा."

"घरात मी हाय का न्हाय?" मी म्हणलो. असलं वाक्य मी बायको विहिरीवर गेली असली की बोलतो.

केलं त्यानं. पार टकली केली. ते खालनं निघालं गुलाबी, उंदराच्या पिल्लागत. एवढंसं. उशीतनं कापूस काढला की काय ऱ्हातंय, तसं. ते सोताकडंच बगाय लागलं, शेपटी पायात घातली आणि म्हशीखाली जाऊन बसलं. मी ओढून काढलं आणि तेल चोळलं. चांगलं दोन ओंजळी. बायको आली, बगितलं, घागर खाली ठेवली आणि एवढंच म्हणली, "आता पिसं कुणाची काढताय?"

भिंतीच्या पलीकडनं आण्णांचं डोस्कं वर आलं. त्यांनी कुत्रं बगितलं. मग म्हणले, "मालक, केस कशाला काढले? तीच त्येची छत्री होती."

मला राग केसावरनं बोलल्याचा न्हवता. मला राग ह्येचा आला की त्यांचा आवाज ऐकून कुत्रं त्या गुलाबी अंगानं थरथरत भिंतीकडं निघालं. मी तेलकट हातानं त्याला धरलं. हातातनं निसटाय लागलं, मी आणखी घट्ट धरलं.

"आण्णा," मी म्हणलो, "आजपासनं माझ्या कुत्र्याला हात लावायचा न्हाय."

"बरं," आण्णा म्हणले.

भांडणारा माणूस परवडला. बरं म्हणणाऱ्याचं काय करायचं? मी भोकात चार इटा घातल्या, वरनं माती लिंपली. बायको म्हणली, "लाज वाटती का?" मी म्हणलो, "भिंत माझी बी हाय."

दुसऱ्या दिवशी हुपरीला बायकोच्या माहेरात लग्न. बायको आणि गल्लीतली निम्मी माणसं तिकडंच गेल्याली. मला म्हशींची पेंड आणायला कोल्हापुरात जायचं हुतं म्हणून मी ऱ्हायलो. कुत्रं सोडून जावं तर ते फाटकातनं फिरून पलीकडं जाणार. म्हणून शेवग्याच्या सावलीला म्हशीच्या दाव्यानं बांधलं, म्होरं घमेल्यात पाणी ठेवलं आणि फाटकाला कुलूप घातलं. आमच्या फाटकाला कुलूप घातल्यालं माझ्या बा नं बी बगितलं नसंल. चोराची भीती न्हवती. आण्णांची हुती.

कोल्हापुरात पेंड घेतली आणि लगेच परत निघायचं तर रसाच्या गाड्यावर बसलो. वर झाड, म्होरं बर्फ घातल्याला उसाचा रस. वळखीचं दोघं भेटलं. त्यास्नी मी कुत्रं भादरल्याचं रंगवून सांगितलं. "आमचं कुत्रं आता वाऱ्यावर हाय. काय पायजे त्येला, पंखा न्हाय का फरशी न्हाय." दोघं हसली, मी आणखी एक गिलास मागवला. तेवढ्यात आण्णांचा फोन आला. मी बगितलं आणि उलटा करून ठेवला. असंल म्हणलं, कुत्र्याला भेटू द्या म्हणून गयावया. परत आला. परत वाजू दिला. मला गोड वाटत हुतं वो. त्या रसापेक्षा गोड.

घरी आलो तर गल्ली सामसूम. गाडी लावली आणि भिंतीकडं नजर गेली.

आण्णा भिंतीच्या त्यांच्या बाजूला बादली पालथी घालून तीवर उभं हुते. डोस्क्यावर काय न्हाय, टक्कल लाल. एका हातात छत्री, पण ती त्यांच्यावर न्हाय. भिंतीवरनं हात लांब करून माझ्या अंगणात धरल्याली. दुसऱ्या हातात काठी, तिला तांब्या बांधल्याला, त्यातनं थेंब थेंब पाणी पडतंय. खाली छत्रीच्या एवढ्याशा सावलीत माझं कुत्रं आडवं.

शेवग्याची सावली कवाच सरकून फाटकापाशी गेल्याली. सावली दिवसभर एका जागी ऱ्हात न्हाय, हे माझ्या म्हशीला कळतंय. ती उठून जागा बदलती. ह्येला दाव्यानं बांधल्यालं. भिंतीकडं ओढ घेऊन घेऊन दावं ताणलं आणि भिंतीच्या बुडाला, इटा लिंपल्याल्या त्या जागंपाशी येऊन पडल्यालं. घमेलं मागंच पालथं झाल्यालं.

मला बगून आण्णा म्हणले, "मालक, मी हात लावला न्हाई. पाणीच तेवढं ओतलंय."

मी कुलूप काढलं आणि आत पळालो.

कुत्र्याची जीभ पार भायेर, जाडी झाल्याली, तोंडातनं चिकट लाळ. हिरड्या लालभडक. धापा असल्या की बरगड्या मोजाव्यात. पाठ भाजल्यागत, आणि वरनं माझंच तेल. तेल लावून उन्हात ठेवलं, ह्येला आमच्यात तळणं म्हणत्यात. उभं केलं तर मागचं पाय मुडपलं. मी उचललं, दावं कापलं, आणि कुठं न्यायचं ह्येचा इचार बी न करता पाय आण्णांच्या फाटकाकडं गेलं.

त्या फरशीवर मी सोताच्या हातानं त्याला ठेवलं.

"म्हशीला पाजतो तसं नळीनं पाणी घालू का घशात?" मी म्हणलो.

"नको. फुफ्फुसात जाईल. त्याला पायजे तर पेईल. पोटावर ओता, बगलेत, पायाच्या गाद्यांवर. मी पंखा घेतो."

"बर्फ आणतो पळत."

"बर्फ नको मालक. साधं पाणी. ओता तुम्ही, बोलू नका."

जन्मात पहिल्यांदा मी न बोलता काम केलं. तांब्यावर तांब्या. आण्णा टेबलफॅन जवळ ओढून गुडघे धरत खाली बसलं आणि पुठ्ठ्यानं बी वारा घालाय लागलं. त्यांचे हात भिजल्याल्या कुत्र्याच्या वर थांबलं, आणि त्यांनी माझ्याकडं बगितलं. मी काय म्हणायचं त्येची वाट बगत हुते. कालचं माझं वाक्य त्या माणसानं अजून पाळलं हुतं.

"लावा की हात," मी म्हणलो. "काय इचारताय."

त्यांनी हात ठेवला. कुत्र्यानं एक डोळा उघडला. माझ्या पाण्यानं उघडला असंल, पण बगितलं त्यांच्याकडं.

आता हे सांगू का नको? सांगतोच. त्या वक्ताला, कुत्रं मरायला टेकल्यालं, माझ्यामुळं टेकल्यालं, आणि मी जळलो ते त्याच्या त्या बगण्यावर. असला माणूस बगायचा असंल तर गडमुडशिंगीला या, तिकीट न्हाय.

त्याला जरा हुशारी आली तसं आण्णांनी मोटार काढली. त्यांच्या गाडीत गारवा, मी पहिल्यांदाच बसलो. वल्लं कुत्रं मांडीवर, माझी पँट पार तेलानं आणि पाण्यानं लडबडल्याली, त्यांची पांढरी सीट खराब व्हाय लागली. मी उचलून धराय लागलो तर म्हणले, "बसा नीट. सीट धुता येते." राजारामपुरीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना हाय. मी रोज त्याच्यावरनं दूध घेऊन जातो, कधी आत बगितलं न्हवतं. म्हशीला डॉक्टर घरी येतो, कुत्र्यानं डॉक्टरकडं जायचं हे मला उलटं वाटायचं.

डॉक्टरीण बाई तरणी हुती. तिनं ताप बगितला, सलाईन लावलं, पाठीवर मलम लावलं आणि मग म्हणली, "हे केस कुणी काढले?"

"मी," मी म्हणलो.

"का?"

"म्हशीचं काढतो म्हणून."

तिला हसू आलं असावं, पण तिनं दाबलं. म्हणली, "म्हैस पाण्यात बसते, चिखल लावून घेते. हा काय करणार? कुत्र्याला अंगभर घाम येत नाही काका. जीभ आणि तळपाय, एवढ्यावरच त्याचा गारवा. वरचे केस ऊन आत येऊ देत नव्हते. विंचरायचे फक्त, काढायचे नाहीत. आणि तेल कशाला?"

"चमकायला."

आण्णा पलीकडं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत हुते, माझी अब्रू वाचावी म्हणून. ते मागच्या महिन्याचं हुतं.

सलाईन संपत आलं तसं ती म्हणली, "वाचला. पण आता काही दिवस जपा. पत्र्याखाली ठेवायचा नाही. गार फरशी, वारा, सारखं ताजं पाणी. उन्हात न्यायचं झालं तर अंगावर सुती कापड. घरी फरशी कुणाकडं आहे?"

सोपा प्रश्न हुता. आण्णा माझ्याकडं बगत न्हवते. त्यांनी सांगितलं असतं तर मी आयुष्यभर बोललो असतो की कुत्रं त्यांनी नेलं. ते कॅलेंडरच वाचत बसलं.

"ह्यांच्यात हाय," मी म्हणलो. "ह्यांच्यातच ठेवतो."

एवढं बोलून झालं आणि मला बी एक सलाईन लावा म्हणावं असं वाटलं.

बायको लग्नावरनं आली. तिला म्या सगळं सांगितलं, लपवायला जागाच न्हवती, गल्लीनं आधीच सांगितल्यालं. इटा तिनं काढल्या, खुरप्यानं. मग सुती कापडाचा इषय निघाला. मी माझं बनियन काढून दिलं, माझा वास ऱ्हाईल म्हणून. ती म्हणली, "त्येला परत ताप आणायचा हाय काय?" आणि आण्णांचं धुतल्यालं पांढरं बनियन कापून शिवून घातलं. कुत्रं आण्णांचं बनियन घालून आण्णांच्या फरशीवर. मी दारात क्यान धरून उभा. कुणी नवा माणूस बगता तर मलाच दूधवाला समजला असता. म्हणजे मी हायच दूधवाला.

मी रोज दुपारी जायचो. ताक न्यायचो, बिनमिठाचं. आण्णा मला बी खुर्ची द्यायचे, मी फरशीवर बसायचो. कुत्रं शेपटी हलवायचं, माझा हात चाटायचं, आणि मग जाऊन आण्णांच्या पायाशी पडायचं. मी म्हणायचो, "जवळ घ्या, जवळ घ्या, मला काय न्हाय." बायको भिंतीपलीकडनं म्हणायची, "दात करकरल्यालं ऐकू येतंय हितं."

अंगावर लव आली, बारीक, कापसागत. ऊन मात्र सरत न्हवतं. एक दिवस आण्णा म्हणले, पोरगी बाळंतीण हाय, बेळगावला जायला पायजे. घराची किल्ली माझ्या हातात दिली. "दुपारचं सोप्यात असू दे त्याला. पाणी बदला. तुम्ही पण इथंच पडा मालक, पत्रा तापतो."

मला काय झालं सांगू? आनंद झाला. पोरगी बाळंतीण झाली म्हणून न्हवं. कुत्रं आता माझं एकट्याचं, आणि फरशी बी माझी. बनियन धुतलं, मडकं घासलं, दहीभात कालवला. आण्णांची मोटार गेली, मी दार लावून सोप्यात ऐसपैस पडलो आणि कुत्र्याला म्हणलं, "ये."

ते आलं न्हाय. दारापाशी बसलं, नाक फटीला लावून. हाक मारली, कान बी हलवला न्हाय. दहीभात म्होरं सरकवला, वास घेतला आणि परत फटीत नाक. पाणी घोटभर पिलं. दाराखालनं भायेरचं ऊन आत येत हुतं, त्याच्या पायावर. मी उठून फटीला गोणपाट लावलं तर त्यानं ते पायानं बाजूला केलं आणि परत तिथंच बसलं.

मी फाटकात माझी वाट बगताना त्याला किती येळा बगितलंय. तसंच बसलं हुतं.

तवा फोन वाजला. आण्णा पोचले हुते. "मालक, जेवलं का ते?"

"जेवलं की," मी म्हणलो. "वरपून जेवलं. पडलंय गार."

"माझी आठवण काढत न्हाई न्हवं?"

"छ्या. कुत्र्याला कसली आठवण. हितं माझ्या अंगावर पाय टाकून झोपलंय."

"बरं," आण्णा म्हणले. "बरंय मग." आणि थांबले. मागं कुठंतरी बारकं पोर रडत हुतं. फोन काय ठेवत न्हवते.

मी कुत्र्याकडं बगितलं. बायको वारल्याली, पोरगी सासरी, तवापासनं तो माणूस एकटाच पूजा करून, एकटाच भात कालवून खात असंल. दुपारच्याला भोकातनं कुणीतरी येतंय, ह्येची त्यो बी वाट बगत असंल की. माझ्यागतच.

"आण्णा," मी म्हणलो, "खोटं सांगितलं. दारात बसलंय. तुमी गेल्यापासनं. जेवल्यालं न्हाय."

पलीकडनं पोराचं रडणं लांब गेलं, आण्णा उठून भायेर आले वाटतं. मग म्हणले, "फोन त्याच्या कानाला लावता का जरा?"

मी सरकत सरकत दारापातूर गेलो आणि फोन त्याच्या कानाला धरला. आण्णा कानडीत काय बोलले मला कळलं न्हाय, बराच येळ बोलले. कुत्र्याची शेपटी फरशीवर आपटाय लागली. माझा हात अवघडला, तरी मी धरून ठेवला. बोलून झालं तवा ते उठलं, दहीभातापाशी गेलं आणि खाल्ला सगळा.

मला बी भूक लागली हुती. मला कुणी इचारलं न्हाय.